निळ्या डब्यावरची निळी खूण

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा वर जातो. स्थळ वसई पश्चिम, बाभोळ्याजवळच्या इमारतीतला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. वेळ सकाळची. मंचावर एक म्हातारा, म्हणजे मी. एका हाताची बाही वर सरकवलेली, पोटात रात्रीपासून अन्नाचा कण नाही, चहा तर नाहीच, त्यामुळे चेहऱ्यावर शोकांतिकेच्या शेवटच्या अंकातले भाव. बेल वाजते. दारातून उर्सुलाचा प्रवेश. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात निळा आइसबॉक्स. आणि पहिलंच वाक्य, "काका, काल काय झालं ऐका!"

आता तुम्हीच सांगा, रक्त काढायला आलेल्या बाईने असा प्रवेश घ्यावा का? आधी नमस्कार, मग चौकशी, मग सुई, असा क्रम असतो. आमच्या नाटक कंपनीत असं कुणी केलं असतं तर मॅनेजरने त्याला पुढच्या प्रयोगाला पडदा ओढायला बसवलं असतं.

उर्सुला निर्मळची. घरामागे केळीची वाडी, घरात नवरा रॉबर्ट आणि कॉलेजात जाणारी मुलगी रिचेल. डॉक्टर आशालतांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती नोकरीला आहे. रोज सकाळी स्कूटरवरून घरोघरी जायचं, लोकांचं उपाशीपोटी रक्त घ्यायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि वेळेत लॅबमध्ये पोचवायचं. काम सरळ आहे. हात इतका हलका, की माझ्यासारखा भित्रा माणूसही तिच्या हाती दंड बिनघोर देतो. पण या बाईला वेड लागलं पूलचं.

पूल म्हणजे ते हिरवं टेबल, रंगीत बॉल आणि लांब काठी. लेकीच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला ही पार्लरमध्ये गेली. तिथली पोरं म्हणाली, "आंटी, तुम्ही बसा, आम्ही खेळतो." झालं. एवढं वाक्य पुरलं. आंटी बसल्या नाहीत. पंचेचाळिशी ओलांडल्यावर माणसं गुडघ्याचं तेल शोधतात, हिने काठी शोधली.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. दंडाला पट्टा बांधते, "मूठ आवळा" म्हणते, आणि सोफ्याच्या हातावर कापसाचे बोळे मांडायला लागते.

"हा पांढरा बॉल. हा काळा, कडेला चिकटलेला. मधे नालासोपाऱ्याच्या त्या पोराचे दोन बॉल. काका, मी काय करायला हवं होतं?"

"उर्सुला, आधी सुई!"

"सुई कधीच काढली, काका. कापूस दाबून धरा. हा नको, हा काळा बॉल आहे. तो घ्या."

आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हसतात. त्यांना काय जातंय हसायला, त्यांचा चहा झालेला असतो.

मी तिला कितीदा समजावलं. "अगं, दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो. मी हे भोगलंय. दिवसा कचेरी, संध्याकाळी तालीम. साहेब पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे आणि सोमवारी त्याच हाताने मेमो द्यायचे." ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, "मग काका, नाटक सोडलंत का तुम्ही?" मी चहा मागायचो.

तिचा कार्यक्रम असा. सकाळचा फेरा संपला की लॅबच्या वाटेवर गॅब्रिएलचं पार्लर लागतं. गॅब्रिएल त्या वेळी झाडलोट करत असतो, टेबल रिकामं. "एकच गेम" म्हणून ही शिरते. पूल खेळणाऱ्याचा एकच गेम आणि नटाचा शेवटचा प्रयोग, दोन्हींवर विश्वास ठेवू नये. रक्ताचे नमुने उशिरा पोचले म्हणून डॉक्टरांनी तिला दोनदा तंबी दिली होती. दुसऱ्यांदा तर स्पष्ट सांगितलं, "पुन्हा झालं तर मी दुसरी मुलगी बघीन." रॉबर्टची कंपनी बंद पडून वर्ष होत आलेलं. वाडीच्या केळ्यांवर कॉलेजची फी निघत नाही. ही नोकरी जाऊन चालणार नव्हतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. रॉबर्ट बिचारा मला म्हणाला होता, "अंकल, मी मेलो तर मला गॅब्रिएलच्या टेबलावर ठेवा. निदान बघायला तरी येईल."

आणि अशातच वसई-विरारची खुली स्पर्धा आली. ही एकेक पोराला हरवत उपान्त्य फेरीत पोचली. इथवर पोचलेली बाई पार्लरच्या भिंतीवरच्या जुन्या फोटोंत एकही नाही. सामना रविवारी सकाळी. त्याआधीचा शुक्रवार, उपवासकाळातला.

ईस्टरच्या आधीच्या या उपवासकाळात शुक्रवारी ख्रिस्ती घरांत मटण नाही, त्यामुळे मासळीला मागणी. आमचं काही व्रत नाही, पण पापलेट ताजं मिळतं म्हणून आम्हीही शुक्रवारीच मागवतो. ते आणतो पाचूबंदरचा क्लेमेंट. बंदरावरून मासळी उचलायची, स्कूटरवरून घरोघरी पोचवायची. क्लेमेंटलाही पूलचा नाद. तोही मधेच पार्लरमध्ये शिरतो. एकच गेम!

दुपारी क्लेमेंट आला. घाईत होता. "काका, दोन पापलेट हाईत, मस्त. डबा ऱ्हाऊ द्या, मागाहून नेतो," म्हणून निळा डबा दारात ठेवून गेला. मी आत वाटाण्याच्या शेंगा सोलत होतो. सौभाग्यवतींनी झाकण उघडलं आणि अशी हाक मारली की समोरच्या बिऱ्हाडातलं दार उघडलं.

"अहो, इकडे या! पापलेटांना नावं कधीपासून द्यायला लागले?"

डब्यात बर्फ. बर्फात रक्ताच्या नळ्या, लाल टोपणांच्या, राखाडी टोपणांच्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. तिने एक उचलून उजेडात धरली. माझं नाव, माझं वय.

"सकाळी गेलात, दुपारी परत आलात," ती म्हणाली. "आता तळू की रस्सा करू?"

मी क्लेमेंटला फोन लावला. "अरे, हे काय आणून ठेवलंस?"

"का, काका? वास येते काय?"

"वास नाही, रक्त आहे!"

"मंग ताजाच हाय ना, काका!"

आयुष्यभर विनोदी भूमिका केल्या, पण इतका बिनचूक टायमिंगचा माणूस मला सहकलाकार म्हणून कधी मिळाला नाही. त्याला सगळं समजावून सांगेपर्यंत माझा घसा बसला. मग तो हळूच म्हणाला, "म्हंजे माझा पापलेट उर्सुलाकडं."

डबा मांडीवर घेऊन मी रिक्षाने लॅबला गेलो. आत शिरलो तर दृश्य तयारच होतं. डॉक्टर आशालता नाकाला पदर लावून उभ्या. त्यांचं घर शाकाहारी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. समोर टेबलावर उघडा डबा, त्यात दोन पापलेटं छताकडे बघत पडलेली. बाजूला उर्सुला, मान खाली.

"या, काका," डॉक्टर म्हणाल्या. "आज आमच्याकडे दोन पापलेटं तपासणीला आलीत. उपाशीपोटी आहेत की जेवून, तेवढं विचारायचं राहिलंय."

मी माझा डबा त्याच्याशेजारी ठेवला. सख्खे जुळे भाऊ! दोन्ही पार नाक्यावरच्या एकाच दुकानातले, आणि सकाळी गॅब्रिएलच्या पार्लरमध्ये शेजारी शेजारी ठेवलेले; एकच गेम संपवून घाईत ज्याने त्याने दुसऱ्याचा उचलला.

"मी खूण केली होती, मॅडम," उर्सुला पुटपुटली. "लॅबचा स्टिकर निघाला होता ना, म्हणून."

"कुठे आहे खूण?"

उर्सुलाने डबा खिडकीपाशी नेला, तिरका धरला. उजेडात अगदी निरखून पाहिलं तेव्हा दिसली. फुली होती खरी. काठीच्या टोकाला घासायला पूलवाले खिशात खडू ठेवतात, त्या खडूने केलेली. तो खडू निळा. डबाही निळा.

मी कपाळावर हात मारला. अहो, या बाईला टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा बॉल कुठल्या कोनातून कुठे जाईल ते दिसतं, आणि निळ्यावर निळं दिसणार नाही हे दिसत नाही!

तरीही मी पुढे झालो. पूर्वपुण्याईवर थोडा आवाज अजून शिल्लक आहे. "डॉक्टरसाहेब," मी सुरुवात केली, "मनुष्य हा चुकीचा पुतळा आहे, आणि ज्या हातांनी..."

"काका, तुमचा नाश्ता झालाय ना?"

"झाला."

"मग बसा."

मी बसलो. डॉक्टर उर्सुलाकडे वळल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या. "हे नमुने कुठे होते, किती वेळ होते, कुणी हाताळले, मला माहीत नाही. यांच्या रिपोर्टवर मी सही करणार नाही. सगळ्या घरी स्वतः फोन करायचा. काय झालं ते खरं सांगायचं. आणि सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं, रविवारी, तुझ्या सुट्टीत. एक जरी घर राहिलं तर सोमवारी येऊ नकोस."

रविवारी! मी खुर्चीतून अर्धा उठलो, तोंड उघडलं, आणि उर्सुलाने माझ्या चपलेवर पाय दिला. अंगठ्यावर. डॉक्टरांना म्हणाली, "हो, मॅडम. रविवारी."

बाहेर येताच मी तिच्यावर उखडलो. "अगं, रविवारी तुझा सामना!"

"माहितीये, काका."

"मग सांगायचं ना त्यांना! एक शब्द! त्या काही राक्षसीण नाहीत. शनिवारी संध्याकाळी घे म्हणाल्या असत्या."

"संध्याकाळी कोण उपाशी बसणार? आणि काय सांगू? ज्याच्यापायी चूक झाली त्याच्यासाठीच सुट्टी द्या म्हणू?"

"मग खेळ सोड! एकदाचा सोड आणि आम्हाला सुखाने चहा पिऊ दे!"

"सोडते म्हटलं तर ते खोटं होईल," ती म्हणाली आणि स्कूटरला किक मारली. स्कूटर सुरू होईना. मी चिडून धक्का द्यायला लागलो. या वयात, भर रस्त्यात. धक्का देता देता लक्षात आलं, की मी कुणाच्या बाजूने आहे ते मलाही धड ठरवता येत नाहीये.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. नोकरी राहिली. सामना गेला. ती उशिरा पोचली तरी सामना तिच्यासाठी थांबला होता, कारण गॅब्रिएल टेबलाच्या कापडाला ब्रश मारत बसला. इतका वेळ त्याने ते टेबल जन्मात झाडलं नव्हतं. ती खेळली, चुरशीने खेळली, आणि शेवटचा काळा बॉल भोकाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, आत पडला नाही. क्लेमेंटने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो रडत होता की त्याला सर्दी झाली होती, देव जाणे. सोमवारी डॉक्टरांच्या कानावर सामन्याची गोष्ट गेली. त्या एवढंच म्हणाल्या म्हणे, "मला सांगायला काय झालं होतं?" चला, निदान एक तरी माणूस माझ्यासारखा वैतागला.

पण मला तुम्हाला दाखवायचा आहे तो त्या रविवारचा प्रवेश. शेवटचा.

उर्सुलाने शनिवारी संध्याकाळीच चर्चमध्ये जाऊन रविवारची मिस्सा ऐकून घेतली होती. उजाडायच्या आत स्कूटर बाहेर काढली. गिरिज, भुईगाव, गास, परत निर्मळ. सगळीकडे खरं सांगितलेलं, त्यामुळे सगळीकडे ऐकून घ्यावं लागलं. एकाने विसरून चहा घेतलेला, त्याच्याकडे नंतर दुसऱ्यांदा यायचं ठरलं. एका म्हातारीने तिला समोर बसवून नणंदेपासून सुरुवात केली. पार्लर आमच्या गल्लीच्या तोंडाशी, म्हणून मला तिने शेवटी ठेवलं होतं. चहा घेऊन बसलेल्या त्या माणसाकडे ती सामना झाल्यावर जाणार होती. मी पहाटेपासून बाही वर करून बसलो होतो. उपाशी. दुसऱ्यांदा!

ती आली. आज पहिलं वाक्य नव्हतं. डब्यावर लाल नेलपॉलिशची भलीमोठी फुली होती, रिचेलने काढलेली. तिने दंडाला पट्टा बांधला, कोपरापाशी चाचपलं. पुन्हा चाचपलं. माझी नस लाजाळू आहे. मी घाबरलो की ती पहिली पळते, आणि त्या दिवशी घड्याळाकडे बघून मी माझ्या पहिल्या प्रयोगापेक्षा जास्त घाबरलो होतो. हात बर्फासारखा गार. नसेचा पत्ता नाही.

"तू जा," मी म्हणालो. "मी दुपारपर्यंत उपाशी बसतो. माझी साखर कुठे पळून जात नाही!"

"हात सैल सोडा, काका."

"अगं, जा म्हणतो ना! अहो, सांगा हो हिला!" मी आत ओरडलो. सौभाग्यवतींनी गरम पाण्यात पिळलेला रुमाल आणून माझ्या कोपरावर ठेवला.

तिचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून सोफ्याच्या हातावर ठेवला, जिथे ती कापसाचे बोळे मांडायची तिथे. गॅब्रिएलचा आवाज आला, "उर्सुला, तो पोरगा काठी घेऊन उभाय. सारखा घड्याळ बघतोय. मी किती वेळ ब्रश मारू? काय सांगू त्याला?"

तिने माझा हात सोडला नाही. रुमाल बाजूला केला, दोन बोटांनी हळूच टिचकी मारली, आणि फोनकडे न बघता म्हणाली,

"त्याला म्हणावं, बॉल लावून ठेव. काकांची नस सापडली की निघालेच."