थर्मोकोलची भिंत आणि ताईची तपासणी

नवी पहार तयार झाली की पेंटर तिला आठवडाभर छळायचा. चहाच्या चोथ्याच्या पाण्यात बुडवायचा, राखेने घासायचा, किल्ल्यांच्या जुडग्याने ओरबाडायचा, आणि जिथे माणसाची पकड येते तिथे तेलकट तळवा फिरवून फिरवून चकाकी आणायचा. पहार म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपावर गुंडाळलेला फोम. हातात जडपणा जाणवावा म्हणून पाइपाच्या पोटात वाळू भरलेली. "वस्तू काय, कुणीही बनवेल," तो म्हणायचा, "तिला वापरलेली करून दाखवा."

सगळं आयुष्य त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. मग छापील बोर्ड आले आणि ब्रशांना सक्तीची सुट्टी मिळाली. हातांना नुसती खाज सुटलेली असताना दातांच्या डॉक्टरांनी त्याला गाठलं. या डॉक्टरांचं आठवडाभर लोकांचे दात उपटून समाधान होत नसे. रविवारी सकाळी त्यांना दवाखान्याखालच्या पार्किंगमध्ये मारामारीचे सिनेमे काढायचे असत. हिरो होता लिफ्ट दुरुस्त करणारा एक उंच गडी. खलनायक होते गणिताच्या शिकवणीचे सर, जे स्वभावाने इतके गरीब की ठोसा मारण्याआधी समोरच्याला "लागणार नाही ना?" असं विचारून घ्यायचे. बजेट म्हणजे डॉक्टरांच्या बायकोच्या नजरेतून जे काही निसटेल ते.

त्यामुळे पेंटरच्या कारखान्यात, म्हणजे मागच्या गॅलरीत, टाकाऊ म्हणून काही नसायचंच. सायकलच्या मुठीचं पिस्तूल व्हायचं. बिघडलेलं वॉशिंग मशीन उलटं झोपलं की शहर उडवून देणारं यंत्र म्हणून उठायचं. विटकरी रंगात लाकडाचा भुसा कालवला की हवा तेवढा गंज तयार. हिरोने एकदा त्या गंजाला बोट लावून धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन यायची तयारी केली होती. पेंटर ती गोष्ट पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होता.

पण हिरोचं मत कोण विचारतो? पेंटरचं खरं न्यायालय घरात होतं. दोन खोल्यांच्या त्या घरात तो आणि त्याची थोरली बहीण असे दोघंच राहायचे. ताईने एकतीस वर्षं कापडाच्या गिरणीत तपासणीच्या टेबलावर काढली होती. दिव्याच्या उजेडात समोरून कापड धावत जायचं, आणि कुठे एक धागा जरी तुटलेला असला तरी ताईचं बोट त्याच्यावर पडलेलंच. नवरा गेला, गिरणी सुटली, ती भावाकडे राहायला आली; पण डोळ्यांनी काही राजीनामा दिला नव्हता.

म्हणून पेंटरने एक रीतच पाडली. नवी वस्तू झाली की ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर खऱ्या वस्तूंच्या मध्ये ठेवायची, ताईला दारात उभं करायचं आणि खोटी कुठली ते विचारायचं. हात लावायचा नाही, कारण कॅमेऱ्याला हात नसतात. ताईला ओळखता आली नाही तर वस्तू पास. आणि पास काय होतंय! वर्षानुवर्षं ताईने त्याला दाद दिली नाही.

"ती डावीकडची वीट," ती दारातूनच सांगायची. "वीट ट्रकमधून येते, चार वेळा आपटते. तुझ्या विटेचे कोपरे बघ, जणू आत्ताच न्हाऊन आली आहे."

दुसऱ्या वेळी म्हणायची, "गंज खालून चढतो, जिथे पाणी साचतं तिथून. तू वरून शिंपडलायस."

पेंटर तणतणत गॅलरीत जायचा आणि सांगितलं तस्सं करायचा. चोरटेपणाही करून बघायचा. एकदा खोटी बाटली अर्धी कुकरमागे लपवून ठेवली. ताई म्हणाली, "जी लपवलीस ती."

आणि मग एक दिवस ताई हरली. काळा पाना बघून म्हणाली, "नाही बाबा, सगळेच खरे वाटतायत." पेंटर त्या दिवशी हवेत तरंगत होता. पुढच्या महिन्यात ती पुन्हा हरली. मग हातोडा पास, साखळदंड पास, तिजोरीचं दार पास. आठ महिन्यांत अकरा वस्तू. पेंटरची छाती अशी फुगली की शर्टाची बटणं लावताना श्वास सोडावा लागे. रस्त्यात कुणी "काय चाललंय?" म्हटलं की हा सुरूच. सरांना तर त्याने सांगून टाकलं की कलेत एक पायरी अशी येते जिथून पुढे चुकताच येत नाही. सरांनी वहीत लिहून घेतलं.

त्याच भरात त्याने भिंत करायला घेतली. डॉक्टरांचा नवा सिनेमा एका स्पर्धेला जायचा होता आणि त्यात हिरो खलनायकाला विटांच्या भिंतीतून आरपार फेकणार होता. थर्मोकोलच्या साडेतीनशे विटा, एकेक वेगळी कापलेली, एकेक वेगळी रंगवलेली. भिंत एकदाच फुटणार होती. दुसरी करायला ना वेळ होता ना थर्मोकोल.

भिंतीच्या आधी एक कुऱ्हाड पास करून घ्यायची होती. सकाळची वेळ, ओट्यामागच्या खिडकीतून समोर ऊन येत होतं. "ताई, ये गं, आज मधोमध कुऱ्हाड आहे," असं ओरडून पेंटर कुऱ्हाड आणायला गॅलरीत गेला. पात्यावरचा रंग अजून ओला होता, म्हणून फुंकर मारत थोडा रेंगाळला. परत आला तर ताई दारात उभी, मान तिरकी, डोळे बारीक.

"झकास," ती म्हणाली. "मधली कुऱ्हाड अगदी लोहाराकडून आणल्यासारखी. पास."

ओट्यावर काहीच नव्हतं. नुसता पुसलेला ओटा आणि घडी केलेलं एक फडकं. कुऱ्हाड पेंटरच्या हातात होती, आणि तो ताईच्या पाठीमागे.

खरं सांगायचं तर पहिला क्षणभर त्याला आनंदच झाला. पास शब्दाची सवयच तशी लागली होती. मग त्याने रिकाम्या ओट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. कुऱ्हाड तशीच मागच्या मागे नेऊन ठेवली आणि दोन दिवस ताईकडे बघत राहिला, तिने कापडाकडे बघावं तसा.

मग एकेक धागा दिसायला लागला. ताई जिना उतरताना ओठ हलवायची; पायऱ्या मोजत होती. दूध उतू जायच्या आधी वासाने ओळखायची. मनगटावर भाजल्याचा डाग होता आणि त्यावर लांब बाह्यांचा ब्लाउज, भर उन्हाळ्यात. सकाळी त्याला पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायची, पण त्या पहाटेच रेडिओवर ऐकलेल्या असायच्या. पान उलटायची मात्र अगदी वेळेवर. हातातला पेपर परवाचा होता. आठ महिने एकाच घरात, आणि खोट्याचा कारागीर म्हणून मिरवणाऱ्या पेंटरला पत्ता नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली, कारण पत्ता लागू नये यातच त्याची सोय होती.

तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "ताई, मी शर्ट कुठल्या रंगाचा घातलाय?"

"अंगावर आहे ना? मग झालं."

"ताई."

"मग काय करू?" ती म्हणाली. "एकतीस वर्षं या डोळ्यांवर पोट भरलं. आता चारचौघांत सांगू, मला ओटा दिसत नाही म्हणून? तू विचारायचास, मी हो म्हणायचे. तुझंही बरं चाललं होतं, माझंही."

डोळ्यांच्या डॉक्टरणीने तपासलं. मोतीबिंदू, दोन्हीकडे, चांगला पिकलेला. ऑपरेशनने साफ दिसेल, पण आता लांबवू नका, म्हणाली. जितका उशीर तितका धोका. ताईने पर्स उचलली आणि घरी आली. डोळ्यात सुरी घालून घ्यायला ती काही वेडी नव्हती. तिला अंदाजाने सगळं येत होतं.

पेंटरने विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, जेवण सोडलं आणि संध्याकाळी गुपचूप पाव खाल्ला. दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी येताना प्लॅस्टिकचा जबडा आणला होता; तो उघडून मिटून त्यांनी डोळ्याची रचना समजावली. ताईने त्यांना चहा दिला आणि दातांबद्दलच्या चार शंका विचारून वाटेला लावलं.

मग पेंटरने मनावर दगड ठेवला. पास झालेल्या अकराच्या अकरा वस्तू त्याने ओट्यावर आणून मांडल्या आणि खिडकीशी नेऊन एकेक नीट पाहिली. गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच तो त्यांच्याकडे ताईच्या नजरेने बघत होता. मग तिला समोर बसवलं.

"तिजोरीच्या दारावरचे स्क्रू रंगवलेले आहेत," तो म्हणाला. "सावली उलट्या बाजूला पडलीय. साखळदंडाच्या कड्यांना जोडच नाहीत. हातोडा नुसता तोंडावर झिजलाय, दांडा कोरा. हे सगळं सिनेमात गेलं, ताई. लोकांनी बघितलं."

एकेक वाक्य बोलताना त्याला दात उपटल्यासारखं होत होतं. त्या तिजोरीच्या दारावर त्याचा जीव होता.

ताई ताठ बसली. "आणि तू तसंच जाऊ दिलंस?"

"तू पास म्हणालीस."

"म्हणजे माझ्या टेबलावरून खराब माल बाहेर गेला?"

"अकरा नग."

एकतीस वर्षांत तिच्या टेबलावरून एक तागा खराब गेला नव्हता. तिचा चेहरा असा उतरला की पेंटरला वाटलं, जरा जास्तच झालं. ती उठली, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली ती पर्स घेऊन.

"भिंत फोडलीत का?" तिने विचारलं.

"नाही. तू बघितल्याशिवाय फोडणार नाही."

"त्या बाईला फोन लाव," ती म्हणाली. "आणि आधी कुठला डोळा ते मी ठरवणार."

दातांचे डॉक्टर शूटिंगसाठी महिना दीड महिना थांबले. कुणाचा दात दुखला तरी पाच मिनिटं न थांबणारा माणूस, पण थांबला. सरांनी तेवढ्यात भिंतीतून कसं पडायचं याचा कोन काढून ठेवला. स्पर्धेची तारीख चार दिवसांवर आली तेव्हा ताई दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं उरकून, काळा चष्मा लावून पार्किंगमध्ये हजर झाली. सगळे एका रांगेत उभे राहिले. पेंटरची पाचावर धारण बसली होती. साडेतीनशे विटा, आणि नापास झाल्या तर हातात फक्त चार दिवस.

ताईने चष्मा काढला. हात पाठीमागे बांधून ती भिंतीसमोर उभी राहिली.

"हे तू केलंस?" तिने विचारलं.

"हो."

"एवढं छान करतोस? मला वाटलं होतं, उगाच बढाया मारतोयस." पेंटरने कॉलर सरळ केली. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण नापास. गवंडी माणूस असतो. सकाळी खालच्या ओळी लावतो तेव्हा ताजा असतो, वर येईपर्यंत दमतो. तुझ्या वरच्या ओळी खालच्याइतक्याच सरळ आहेत. हा गवंडी जेवायलाही उठलेला नाही."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. एकदा सांगितल्यावर दुसरं काही दिसेचना. डॉक्टर डोक्याला हात लावून पायरीवर बसले. पेंटर मात्र इतका खूश झाला की त्याला हसू आवरेना. कितीतरी महिन्यांत त्याला कुणी असं नापास केलं नव्हतं. "चार ओळी उसवतो," तो म्हणाला, "दोन दिवसांत देतो," आणि ब्रश शोधायला लागला.

"इकडे बघ जरा," ताई म्हणाली.

तो उजेडात वळला. ती त्याच्याकडे बघत राहिली. कपाळाकडे, गालांकडे, मानेकडे. मघाशी भिंतीकडे बघत होती त्याहून जास्त वेळ.

"इतका म्हातारा कधी झालास रे?"

"मेकअप आहे, ताई."

ती एक पाऊल पुढे आली, डोळे बारीक केले.

"नाही," ती म्हणाली. "हे खरं आहे."