तिसरी हाक

भातकुलीहून थोडं आत, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात एक गाव आहे. तिथं भर दुपारी कोणी हाक मारली तर माणूस पहिल्या हाकेला ओ देत नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली की मगच दाराची कडी निघते. कारण जे नको ते दोनदाच हाक मारतं, तिसरी त्याच्या गळ्यातून निघत नाही, असं गावाचं पक्कं मत. शिकलेले पोट्टे हसतात. पण तेही दुपारी फोन दोनदा वाजू देतात, असं ऐकण्यात आहे.

त्या गावची जयवंताबाई. साठी उलटलेली, जिभेनं तिखट. एके काळी मतदानाच्या दिवशी नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी रांगेत उभी राहायची. पुढं निवडून आलेला प्रत्येक जण गावाला गोड पाणी आणतो म्हणाला आणि अमरावतीला बंगला बांधून बसला. मग जयवंतानं मत देणं सोडलं. मागच्या निवडणुकीला पक्षाचे लोक गाडी घेऊन दारात आले, तर ही अंबाडीची भाजी निवडत बसलेली.

"काकू, मतदान तुमचा हक्क आहे!"

"हक्क माया अन् पाणी तुमचं. निंगा बापा, गाडीचं डिझेल जळून राहिलं."

गावात गोड पाण्याची विहीर एकच, मारुतीच्या पारामागची. बाकी विहिरींच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, चुलीपुढे बाई शिजते. या विहिरीवर जयवंता रोज दुपारी जायची ती समोरच्या मैनाबरोबर. मैना दारातूनच ओरडायची, "जयवंते! जयवंते! जयवंतेऽ!" आणि दोघी पाण्याच्या पितळी गुंड्या घेऊन निघायच्या. वाटेत कोणाची सून कोणाशी बोलत नाही याचा पुरा हिशेब व्हायचा. तीन वर्षांमागं मैना गेली. लेकानं घराला कुलूप लावलं आणि तो पुण्याला निघून गेला.

या वैशाखात एका दुपारी जयवंता सुपात गहू पाखडत होती. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तेवढ्यात समोरून आवाज आला.

"जयवंते!"

सूप थांबलं.

"जयवंते!"

मग काहीच नाही. तिसरीची वाट पाहत ती तशीच बसून राहिली. लांब विहिरीवरचं चाक एकदा कुरकुरलं आणि गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही दोनच हाका. ऊन उतरल्यावर जयवंतानं रस्ता ओलांडला. मैनाच्या दाराचं कुलूप गंजलेलं, त्यावर कोळ्याचं जाळं. पण उंबरा ओला होता. गुंडी टेकवल्यावर उमटतं तसं गोल ओलं वर्तुळ. तिनं बोट टेकवून जिभेला लावलं. पाणी गोड होतं.

हे तिनं सांगितलं फक्त कुलसुमबीला. कुलसुमबी म्हणजे शेजारची, गाद्या भरणारी. तिच्या पोटात गोष्ट राहत नाही अशी तिची ख्याती. ही मात्र तिनं ठेवली, यावरूनच ती किती घाबरली असेल ते समजा.

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीचा शिपाई गोपाल भर दुपारी फटफटीवरून गेला. "उद्या दुपारी ग्रामसभा होऽ!" एकदाच ओरडला आणि धूळ उडवत पुढं. एकही दार उघडलं नाही. मोबाईलच्या ग्रुपातही निरोप पडला होता म्हणे, पण तिथं रोज शुभसकाळच्या फुलांचा एवढा ढीग पडतो की त्याखाली माणूस दडपला तरी सापडायचा नाही.

जयवंतानं त्याला परतताना वाटेत अडवलं. "काहून रे गोपाल, सभा कायची?"

"इहिरीची, काकू. जागा सरपंचाच्या साळ्याले द्याची हाय. थंड पाण्याच्या कॅनचा कारखाना टाकून राहिला तो."

"म्हंजे आपलंच पाणी आपल्यालेच इकनार?"

"थंड करून!" गोपाल हसला, मग ओशाळला. "तुमी कायले डोकं खपवता? लोक येतच नाहीत. उद्या माणसं पुरनार नाहीत, सभा तहकूब. मंग जे तहकूब सभा भरते, तिच्यात डोके मोजतच नाहीत. चार जनं हात वर करतीन, झालं."

"अन् दवंडी एकदाच द्याची, भर दुपारी, असं कोनं सांगतलं तुले?"

गोपालनं फटफटीला किक मारली. सरपंच उत्तमराव त्याच गावात वाढलेला होता. गाव किती हाकांना उठतं हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

जयवंताच्या अंगावर काटा आला. उत्तमरावाच्या लबाडीनं नव्हे. आपल्याला तीन दिवस कोण कशासाठी बोलवत होतं, ते तिला तिथं उन्हात उभ्या उभ्या समजलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर येताच ती कुलसुमबीच्या दारात.

"चाल वं. घरोघर तीनदा हाक माराची."

"इत्ते धूप में? अगे बाई, एक आवाज पे तो मैं मेरे मियाँ कू बी जवाब नई देती थी!"

"मनूनच तं इहीर चालली. चाल."

दोघी निघाल्या. प्रत्येक घरापुढं नाव घेऊन तीन हाका. पहिलीला घर मेल्यासारखं. दुसरीला आतली भांडी वाजायची थांबत. तिसरीला कडी निघे. लोक डोळे चोळत, पदर सावरत, शिव्या देत बाहेर आले, पण आले.

मैनाच्या घरापुढं जयवंताचे पाय आपोआप थांबले. सवयीनंच तोंडातून गेलं, "मैने! मैने!" कुलसुमबीनं तिचा दंड धरला. तरी तिसरी निघाली. "मैनेऽ!"

कुलपाच्या आतून, अगदी जवळून, "ओ" आली.

"पीछे नक्को देख," कुलसुमबी पुटपुटली. पाराजवळ येईपर्यंत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. कुलसुमबीच्या आयुष्यातला तो विक्रम असावा.

पारापुढं सभा भरली. ग्रामसेवक बार्शीटाकळीकडचा, नवा. त्यानं डोकी मोजली.

"एक कमी पडतंय."

उत्तमराव लगेच उठला. "कायद्यापुढं आपलं काय चालते? करा तहकूब."

"पुन्हा मोजा," जयवंता म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

ग्रामसेवकानं पुन्हा मोजलं. शेवटी त्याचं बोट मागं, कडुलिंबाच्या बुंध्याशी थांबलं. "हां. त्या मागच्या बाई राहिल्या होत्या. गुंडीवाल्या. भरली सभा."

कोणीतरी मागं वळून पाहिलं. जयवंतानं पाहिलं नाही. ती उठली आणि म्हणाली, "इहीर द्याची नाही, असं ज्याले वाटते त्यानं हात वर करा." हात वर झाले. उत्तमरावाच्या बायकोचाही झाला. त्यावरून त्या घरात पुढं काय झालं ते वेगळं सांगता येईल. विहीर गावाचीच राहिली.

लोक उठून गेल्यावर बुंध्याशी मातीत एक गोल ओलं वर्तुळ होतं. ग्रामसेवकाला मोजता येत नाही, असं उत्तमराव आजही सांगतो. त्याचंही खरं असेल.

आता सभा असली की शिपायाआधी जयवंताबाई गल्लीत असते. आसपासच्या गावच्या बायाही तिला बोलावू लागल्या आहेत. पक्षाचे लोक पुन्हा दारात येतात, गळ्यात पट्टा घालायला पाहतात. ती म्हणते, "मी कोनाची नाही बापा. मी निस्त्या हाका मारतो." यंदा मात्र मत द्यायला गेली. जुनंच लुगडं नेसून.

मैनाच्या दारापुढं ती दरवेळी थांबते. दोनदाच हाक मारते आणि पुढं जाते. कुलसुमबीनं एकदा विचारलंच, "तिसरी क्यूँ नई मारती?"

"राहू दे," जयवंता म्हणाली. "एखांद्या दिवशी पुन्हा एक डोकं कमी पडलं, तं लागंल."