वाक्यात उपयोग करा

आज संत्रं सोललं आणि सालीचा झोंबरा वास नाकात शिरताच सौंसरजवळच्या आमच्या गावची शाळा आठवली. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल, मी आठवीत होते. इंग्रजीचे सर वर्गातच संत्रं सोलत शिकवायचे. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहिला, मॅग्नॅनिमस.

"म्हणजे मोठ्या मनाचा. आता वाक्यात उपयोग पाहा," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि इंग्रजीत वाक्य सांगितलं. पाटील मॅग्नॅनिमस आहेत, ते हिच्या घरच्यांना आपल्या विहिरीवर पाणी भरू देतात.

साऱ्या वर्गानं ते पाच वेळा लिहिलं. मीही लिहिलं. त्या विहिरीचा खडक माझ्या बाबानं फोडला होता.

संध्याकाळी बाबानं विचारलं, "काय शिकली व आज?"

"मोठ्या मनाच्या माणसाला इंग्रजीत काय म्हणतात, ते."

"लय मोठं शिकून राहिली माही पोरगी!"

वाक्य मी सांगितलं नाही.

सहामाहीला नेमका तोच शब्द आला. मार्क जाऊ नयेत म्हणून मी सरांचंच वाक्य लिहिलं. पैकीच्या पैकी मिळाले. बाबानं तो पेपर मोहल्ल्यात घरोघरी दाखवला. तिथं कोणालाच इंग्रजी वाचता येत नव्हतं, याचा तेव्हा मला केवढा आधार वाटला. आज बाबा नाही. आज वाटतं, ते वाक्य मी त्याला मराठीत वाचून दाखवायला पाहिजे होतं. त्यानं तो पेपर तिथंच फाडला असता.