सांग बे, काय पडलं?

एंटर दाबला की माझा भागीदार तोंड भिंतीकडं फिरवायचा. दवाखान्यात सुई टोचून घेताना पोरं फिरवतात ना, तसं. डोळे मिटायचा आणि दातावर दात धरून मला विचारायचा, "सांग बे, काय पडलं?"

मग मी सांगायचं. उजवीकडचा रकाना खाली घसरला. मेनू दोन ओळींत मोडला. बोधचिन्हाच्या मागं राखाडी डाग आला. दर पडझडीला त्याची एक शिवी ठरलेली. यादी संपली की तो हळूच मान वळवायचा आणि समोरच्या मशीनकडं सख्खा भाऊबंद जमिनीच्या वादात कोर्टात भेटल्यासारखं बघायचा.

काळ सांगायला हवा. देशाचे दरवाजे उघडले हो उघडले, असा गाजावाजा होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. अंबाजोगाईत ते दरवाजे टेलिफोनच्या तारेतून कुरकुरत उघडायचे आणि घरात कुणी फोन उचलला की धाडकन बंद व्हायचे. मंडी बाजाराच्या मागच्या बोळात आम्हा दोघांचं दुकान होतं. 'येथे वेबसाइट तयार करून मिळेल' अशी पाटी मी स्वतः रंगवून लावली होती. लोक ती वाचून आत यायचे आणि विचारायचे, झेरॉक्स हाय का?

पानं तो रचायचा. मराठी मजकूर, टायपिंग आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं माझ्याकडं. गोड बोलणं त्याच्या बापजन्मात जमलं नसतं. बाजारात त्याला पेजवाला म्हणत. मीही तेवढंच म्हणतो, नाव छापलेलं त्याला चालायचं नाही.

दुकानात दोन मशिनं होती. एकावर त्यानं नवा ब्राउझर घातला होता. त्यात त्याचं पान असं उघडायचं की बघत राहावं. दुसऱ्यावर मशीनबरोबर फुकट आलेला जुना ब्राउझर होता. त्या मशीनला तो 'म्हातारं' म्हणायचा. म्हाताऱ्यावर तेच पान उघडलं की लग्नाच्या मांडवात बैल शिरल्यासारखी गत व्हायची. मराठी अक्षरांच्या जागी तर नुसते चौकोन. चौकोनांच्या ओळीच्या ओळी! आणि गंमत अशी की अख्ख्या जिल्ह्यात, कचेऱ्यांत, कॉलेजांत, नेट कॅफेत जिथं बघाल तिथं म्हातारंच बसलेलं.

"एकाला धोतर नेसवावं तर दुसऱ्याचं सुटतंय," तो म्हणायचा. खरंच होतं ते. नव्यात रुंदी बरोबर केली की जुन्यात रकाना घसरायचा. जुन्यात ओढून वर आणला की नव्यात तो शेजारच्याच्या मांडीवर. तीन दिवसांत पान व्हायचं आणि पुढचे आठ दिवस ते म्हाताऱ्याच्या गळी उतरवण्यात जायचे. ज्यांनी हे केलं नाही त्यांना ही चीड कळणार नाही. ज्यांनी केलं, त्यांना मी वेगळं काय सांगू!

एका संस्थेच्या अध्यक्षांचं तर ऐका. त्यांच्या साइटीवर वर अध्यक्षांचा फोटो आणि खाली क्रमानं बाकीचे होते. अध्यक्षांनी ती आपल्या पुतण्याच्या मशीनवर उघडली आणि तासाभरात जीप आमच्या बोळाच्या तोंडाशी. त्यांचा फोटो घसरून थेट शिपायाच्या खाली जाऊन बसला होता.

"निवडणूक पुढल्या महिन्यात हाय," अध्यक्ष गरजले, "आन् तुमी मला आजच तळाला बसवलं?"

मी हात जोडायला निघालो होतो. पेजवाला खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "साहेब, फोटो जागेवरच हाय. तुमच्या पुतण्याचा ब्राउझर मेलाय. त्याचा तेरावा घाला, मंग बगा."

जीप गेली. पाठोपाठ ते कामही गेलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याला काही नव्हतं त्याचं. "बे, आडाणी मशीन घेऊन बसत्यात आन् शहाण्याला नावं ठेवत्यात," एवढं म्हणून तो चहा प्यायला गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: ज्याला जुनं सोडवत नाही त्यानं जगाच्या मागं राहावं, आपण त्याच्यासाठी का वाकायचं? आणि खरं सांगतो, मलाही ते ऐकायला गोड वाटायचं. खेड्यातून आलेल्या दोन पोरांना दुसऱ्या कुणाला तरी अडाणी म्हणायला मिळत होतं. त्याचं सुख काय वर्णावं!

त्याचं गाव कडा या बाजाराच्या गावापलीकडं. वडलांचं, म्हणजे आण्णांचं, किराणा दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि शब्द एकदा दिला की दिला. घरात एक धाकटी बहीण होती, बारावीला चांगले मार्क पडलेली. तिला नर्स व्हायचं होतं. वडील म्हणाले होते, "यंदा नंबर लागला तर शीक. न्हाई लागला तर सोयरिकी आल्यात, मी थांबणार न्हाई." हे तो मला दिवसातून दोनदा सांगायचा. अख्ख्या जगाला नालायक म्हणणारा माणूस बहिणीचं नाव निघालं की वेगळाच व्हायचा. "लई हुशार हाय बे ती. माझ्यासारखी तिरसट न्हाई."

त्याच उन्हाळ्यात एका नर्सिंग कॉलेजचं काम आमच्याकडं आलं. अर्ज काउंटरवर घ्यायचेच, पण पहिल्यांदाच साइटीवरूनही घ्यायचे. पेजवाला हरखून गेला. बहिणीला दुकानातल्या फोनवरून सांगितलं, "तू अंबाजोगाईला यायचं न्हाई. कड्याच्या नेट कॅफेत जायचं आन् तिथनंच भरायचा. पेज तुझ्या भावानं केलंय." मी म्हणालो, अरे, तिचा अर्ज इथंच बसून तूच भर की. तर माझ्यावरच उखडला. "कावून? तिला हात न्हाईत? घरबसल्या भरता यावा म्हणूनच तर हे सगळं चाललंय ना?"

फॉर्म नव्या मशीनवर झकास झाला. मग एंटर, तोंड भिंतीकडं, "सांग बे, काय पडलं?"

"सगळंच," मी म्हणालो. "अर्ज पाठवायचं बटणच दिसंना."

त्यानं शांतपणे मान वळवली. अर्ज सुरू व्हायला चार दिवस होते आणि म्हाताऱ्याला पटवायला आठ लागले असते. "ह्या खेपेला मी वाकणार न्हाई," तो म्हणाला. त्यानं दारावर पहारेकरी बसवला. म्हणजे असं, की जुन्या ब्राउझरातून कुणी आलं तर त्याला फॉर्म दिसायचाच नाही, एक पाटी दिसायची. पाटीवर काय लिहायचं तेही त्यानं सांगितलं: 'हे मढं घेऊन इथं येऊ नको. ब्राउझर बदल, न्हाई तर चालता हो.'

मी हसलो आणि म्हणालो, कॉलेजची साइट आहे, असं चालत नाही. ब्राउझर हा शब्द तरी कुणाला कळणार? मराठी माझ्याकडं होती. मी लिहिलं: 'आपला अर्ज स्वीकारता येत नाही. कृपया आवश्यक ती सुधारणा करून पुन्हा यावे. – व्यवस्थापन.'

"शिवी कुठं गेली?" त्यानं विचारलं.

"सरकारी वाटायला पाहिजे," मी ऐटीत म्हणालो.

चौकोन दिसू नयेत म्हणून त्यानं त्या मजकुराचं चित्र करून लावलं. त्याला दुहेरी चौकट मी काढली, अक्षरं ठळक मी केली. अख्ख्या साइटीत म्हाताऱ्यावर धड दिसणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ही पाटी. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या.

अर्जाची मुदत सुरू झाली आणि संपली. काउंटरवर भरपूर कागद आले, कॉलेज खूश. त्यानं मधे घरी फोन केला होता. वडील म्हणाले, "गेलती बाबा कड्याला." मग दुसरं काम लागलं, आणि भरला असणार अर्ज, म्हणून तो निवांत. यादी कधी लागणार हे तो मला विचारायचा, कॉलेजात जाऊन विचारायचा नाही. वशिला लावला असं कुणी म्हणू नये म्हणे! या असल्या ताठ्याचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

राखी पौर्णिमेला तो गावाकडं गेला. दुसऱ्या दिवशी दुकानात आला तेव्हा मनगटावर राखी होती आणि हातात एक शाळेची वही. आल्या आल्या शिवी नाही, चहा नाही. वही उघडून माझ्यासमोर ठेवली.

वळणदार अक्षरात तिनं पाटी उतरवून घेतली होती. दुहेरी चौकटसुद्धा पट्टीनं आखली होती. खाली 'व्यवस्थापन'.

त्यानं राखी बांधून झाल्यावर विचारलं होतं, अर्जाचं काय झालं. ती म्हणाली, "भराया गेलते. त्यांनी नको म्हणलं."

"कोण त्यांनी?"

"कॉम्प्युटरनं. आण्णांना दाखवाया मी लिहून आणलं." मग वही काढून दिली आणि म्हणाली, "सुधारणा करून या म्हणत्यात. पर माझ्यात काय सुधारायचं ते लिहिलंच न्हवतं."

"आगं, मला फोन कावून न्हाई केलास?"

"पेज तू केलंय म्हणालतास ना दादा. मला वाटलं, तुला म्हाईत असंल. तुला वाईट वाटाया नको म्हणून गप बसले."

हे सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता, वहीकडं बघत होता. कड्याच्या कॅफेतही म्हातारंच बसलेलं असणार, हे टाळ्या देताना आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याची शिवी तशीच ठेवली असती तर त्या पोरीनं ओळखलं असतं, हे दादाचंच बोलणं. हसली असती, घरी जाऊन फोन केला असता. माझ्या शुद्ध, सभ्य, ठळक मराठीनं तिला दारातून हाकललं होतं. लाज वाटली मला. आजही वाटते. पाटी पाहून आणखी किती जण परत गेले, देव जाणे.

आम्ही दोघं कॉलेजात गेलो. यादी लागून वर्ग सुरू झाले होते. पेजवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं हात जोडलेले मी पाहिले. तिथले बाबू म्हणाले, "मुदतीत अर्ज आला न्हाई तर आमी तरी काय करणार? साइट तर तुमीच केलती." यात खोटं काहीच नव्हतं. तिथून निघालो ते घाटनांदूरकडं जाणाऱ्या रस्त्यानं उगाच लांबपर्यंत चालत गेलो. तो एकदाच बोलला, "मी तिला म्हणलं होतं, तिथनंच भर."

वडलांनाही त्यानं सगळं सांगितलं. पुढल्या वर्षी नर्सिंगला घाला म्हणाला. वडील म्हणाले, "पोरा, तुझी चूक असंल, पर मी पाहुण्यांना शब्द देऊन बसलोय." सुपारी फुटली होती.

त्यानंतर त्यानं नवं काम घेतलं नाही. नवं मशीन झाकून ठेवलं आणि म्हाताऱ्यासमोर जाऊन बसला. त्या कॉलेजचा फॉर्म काढला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा रचायला लागला. मराठी चौकोन होतात म्हणून एकेका ओळीचं चित्र केलं. बटण एका जागी बसेना, तर त्यासाठी आठवडा घातला. प्रवेश कधीच संपले होते. ते पान कुणाला नको होतं. मी म्हणालो, आता कुणासाठी? तर म्हणाला, "गप बे. मजकूर दे. आन् साधा दे."

मी साधा दिला. 'अर्ज जात नसेल तर या नंबरावर फोन करा,' असं लिहिलं आणि खाली आमच्या दुकानाचा नंबर टाकला.

तुळशीचं लग्न झालं आणि पंधरा दिवसांत तिचं झालं. मी कड्याला गेलो होतो. पेजवाला भाजीची बादली घेऊन पंगतीत वाढत होता, मान वर न करता. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यानं माझी ओळख करून दिली, दुकानात मराठी हा बघतो म्हणून. नवरी मुंडावळ्या सावरत हसली.

"ती पाटी तुमीच लिहिलती का? अक्षर लई छान होतं," ती म्हणाली. "म्हणून तर मी चौकटीसकट उतरून घेतली."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

लग्नानंतर चार दिवसांनी तो दुकानात आला. बोळात ऊन होतं आणि शेजारच्या गिरणीत ज्वारी दळायचं चाललं होतं. पिशवी दारातच ठेवली, पुण्याला जायचं ठरवलंय म्हणाला. वेबसाइटचंच का, असं मी विचारलं. त्यानं खुर्ची ओढली, म्हाताऱ्यावर काहीतरी शेवटचं नीट केलं आणि एंटर दाबला. सवयीनं तोंड भिंतीकडं गेलं, डोळे मिटले.

"सांग बे, काय पडलं?"

पान हळूहळू वरून खाली भरत आलं. रकाने सरळ, अक्षरं धड, नावाची जागा, गावाची जागा, मार्कांची जागा. तळाशी 'अर्ज पाठवा' हे बटण, अगदी मधोमध.

"काहीच न्हाई पडलं," मी म्हणालो. "सगळं जागेवर हाय. बग की."

त्यानं मान हलवली, पण तोंड काही वळवलं नाही. भिंतीकडं बघतच उठला आणि पिशवी घेऊन स्टँडकडं निघून गेला.