चुलतभावाचं ॲप

माझा चुलतभाऊ आयटीआय करून महाळुंग्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला आणि मी इंजिनिअर होऊन हिंजवडीला. निघोज्यातल्या आमच्या घरात तेव्हापासून वाटणी ठरलेली होती: डोकं माझं, हात त्याचे. मला ती वाटणी आवडायची, हे आज कबूल करतो.

गेल्या वर्षी एका रविवारी गावी गेलो, तर चहा देता देता काकू म्हणाली, "आमच्या ह्यानं कंपनीत ॲप बनवलंय. समदी लाइन तेच वापरती. तूबी तसलंच काय तरी करतोस न्हवं?"

"तसलंच," मी म्हणालो. आठ वर्षं मी एका परदेशी विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचा एक कोपरा सांभाळतोय. तो कोपरा नेमका कशासाठी आहे, हे मला घरात कधी समजावता आलेलं नाही. याचं ॲप काकूलासुद्धा कळलं होतं.

भावाने लॅपटॉप आणला. पूर्वी मशीन बंद पडलं की ऑपरेटरला मेंटेनन्सवाल्याला शोधत शेडभर फिरावं लागायचं. याने प्रत्येक लाइनवर एक टॅब बसवला होता. मशीनच्या नावावर बोट ठेवलं की तक्रार नोंदली जायची आणि याच्या मोबाइलवर दिसायची. व्हिडिओ बघून, एआयला विचारून विचारून, सहा महिन्यांत त्याने ते उभं केलं होतं.

"दादा, बघ ना जरा. काय चुकलंय का?"

मी चुका शोधायलाच बसलो होतो. कोड ओबडधोबड होता, पण चालत होता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मग दिसलं. सगळ्या तक्रारी एकाच फाइलमध्ये लिहिल्या जात होत्या. दोन लाइनवरून एकाच क्षणी तक्रार आली, तर दुसरी पहिलीला पुसून टाकणार. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती.

"मस्त झालंय," मी म्हणालो आणि लॅपटॉप मिटला.

तीन आठवड्यांनी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. "दादा, लफडं झालंय. पॅकिंगच्या मावशी म्हणत्यात तक्रार टाकली होती, पण ॲपमध्ये न्हाई. मशीन तासभर बंद. साहेबांनी त्यास्नीच मेमो दिला, खोटं बोलता म्हणून. रडायला लागल्या राव."

"दुसऱ्या लाइनवरून त्याच वेळी तक्रार आली होती का?"

"व्हय, पेंटिंगवरून. ती हाय ॲपमध्ये." तो थांबला. "एकाच वेळी आली, हे तुला कसं कळलं?"

मागे त्यांच्या कँटीनमधली ताटं वाजत होती.

"तुला त्या दिवशीच दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"बघवलं नाही तुझं," मी म्हणालो. याहून बरं कारण माझ्याकडे नव्हतं.

तो एवढंच म्हणाला, "उद्या ये. साहेबांना सांगायला लागंल."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेलो. दोन टॅबवर एकदम बोट ठेवून साहेबांना तक्रार पुसली जाताना दाखवली, मग दुरुस्ती केली. साहेबांनी मेमो मागे घेतला. चूक मला आधी दिसली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. भावानेही सांगितलं नाही.

मावशी बघायला आल्या होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि भावाकडे बोट करून विचारलं, "तुमी ह्या सरांच्या हाताखाली हाव का?"

भाऊ काही बोलणार, त्याआधीच मी "हो" म्हणालो.

आता ॲपमध्ये काही बदललं की तो कोड आधी मला पाठवतो आणि खाली लिहितो, "खरं सांग." गेल्या महिन्यात त्याच्या कंपनीने दुसऱ्या शेडसाठीही ॲप करायला सांगितलं. मी अभिनंदन केलं, पण पुन्हा तसंच बघवेना. मग त्याने पाठवलेला कोड उघडला. दोन चुका सापडल्या. जेवायला जाण्याआधी दोन्ही त्याला कळवल्या.