दाराबाहेर कुणीतरी ‘शूऽऽ’ म्हणालं

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचत आलोय. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही... म्हणजे, नव्हता. आता काय म्हणावं कळत नाही.

मला बरीच वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस — आतड्याला सूज, जखमा, रक्त. शेवटी यंदा सदाशिव पेठेतल्या एका हॉस्पिटलात मोठं आतडं आणि गुदाशय काढून टाकले. ऑपरेशन झकास झालं, पण लघवी होईना! नळी एकदा काढून परत घालावी लागली. दुसऱ्यांदा काढताना डॉक्टर म्हणाले, "तिथल्या नसा जरा दुखावतात, बहुतेकांच्या सावरतात. पण संध्याकाळपर्यंत नाही झाली, तर नळीसकट घरी." शौचासाठी पोटावर कायमची लावलेली पिशवी मी पचवली होती. नळीच्या नुसत्या नावानं मात्र रडू यायचं.

भर दुपारी बाथरूममध्ये नळ सोडून उभा होतो. ओटीपोट तट्ट फुगलेलं, पण थेंब नाही. शेजारच्या कॉटवरचे काका बाहेरून म्हणाले, "अहो, अख्ख्या पेठेचं पाणी संपवताय का?" मी मुकाट्यानं नळ बंद केला.

आणि दाराला अगदी लागून कुणीतरी — "शूऽऽ... शूऽऽ..." तान्ह्या बाळाला करतात ना, तसं. मधेच बारीक शिट्टी वाजत होती. मला वाटलं, बायकोच. "मेघना, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" म्हणत हसलो... आणि धार लागली. खरं सांगतो, तिथेच रडलो.

बाहेर आलो तर काका एकटेच.

"मेघना कुठे गेली?"

"त्या मघाशीच औषधं आणायला खाली गेल्या. इथे कोणी नाही. आपणच आत बडबडत होतात."

संध्याकाळी ताईला, माझ्या मोठ्या बहिणीला, फोनवर गंमत म्हणून हे सांगितलं. शिट्टीचं ऐकून तिनं ते मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आईच्या पुढच्या दातांत फट होती रे. तुला शूला धरलं की तिची तशी शिट्टी वाजायची. मी हसायचे..."

आई गेली तेव्हा मी जेमतेम रांगत होतो. तिचं कुठेही रेकॉर्डिंग नाही.

डॉक्टर म्हणतात, नसा जाग्या व्हायच्याच होत्या, झाल्या. मान्य! लघवीचं मला कोडं नाहीच. त्या शिट्टीचं उत्तर मात्र अजून कुणी दिलेलं नाही... आईचा आवाज कसा होता, हे मला कधीच माहीत नव्हतं. आता तेवढा एक माहीत आहे.