आबांना दाखवलेला लांडगा

आबांचा आणि माझा फोन कधी मिनिटापुढे गेला नव्हता. "जेवलास का? बरा हाईस ना? बरं, ठिवतो." सौदीत अल खर्जला येऊन मला अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षं आबा मला एवढंच विचारत आले होते. त्यांचा जन्म मेंढरांमागं माणदेशातल्या माळांवर गेला. मला मात्र त्यांनी आठव्या वर्षीच तालुक्याच्या वसतिगृहात ठेवलं. पोरानं काठी घेऊन उन्हात फिरू नये, एवढीच त्यांची इच्छा. मी शिकलो, परदेशी आलो, पण आम्हा दोघांत बोलायला काही उरलंच नाही.

इथे मी एका खाजगी गोठ्यावर जनावरांच्या डॉक्टरचा मदतनीस आहे. आमच्या कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, गाईंखेरीज वाळवंटात मेंढ्याही आहेत. गोठ्यापासून गाडीनं पाऊण तासावर एक वयस्कर सुदानी मेंढपाळ तंबू टाकून त्या राखतो. मागच्या हिवाळ्यात, जानेवारीच्या कडाक्यात, त्याच्या सात मेंढ्या आठवडाभरात गेल्या. लांडगा त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. बिचाऱ्यानं झोप सोडली, डोळे लाल करून शेकोटीपाशी बसून राहायचा.

कफील माझ्याकडे आला. तो आम्हा सगळ्यांनाच सदीक, म्हणजे दोस्त, म्हणतो. "सदीक, तू मेंढपाळाचा मुलगा ना? मग झीबला आमिष कुठं आणि कसं टाकायचं ते तूच बघ. बंदूक माझी."

अरबीत लांडग्याला झीब म्हणतात, याखेरीज मला लांडग्याची काडीचीही माहिती नव्हती. पण तसं सांगायची लाज वाटली. मी "बघतो" म्हणालो आणि आबांना फोन लावला.

"आबा, इथं लांडगा आलाय."

आबांनी विचारलं, "तिथं? वाळवंटात?"

"हो. मेलेलं वासरू टाकायचंय. येतो का बघायला."

बघायला, एवढंच म्हणालो. बंदुकीचं बोललो नाही. आबा लांडग्याला शिवी देत नसत हे मला ठाऊक होतं. कोकरू गेलं की म्हणायचे, त्याचा वाटा त्यानं नेला.

"वारं कुटनं असतंय तिकडं?"

"हिवाळ्यात उत्तरेकडून."

"मग त्यो दक्षिणेकडनं येणार. वारं तोंडावर घिऊन येतुय लांडगा. तुमी दक्षिणेला बसू नगा. उगवतीला बसा, म्हंजी सकाळचं ऊन तुमच्या पाठीवर आन त्याच्या डोळ्यावर. आन वासरू नुस्तं टाकू नगं, वढून न्हे. लांबनं वास लागला पायजे."

त्या दिवशी आबा चोवीस मिनिटं बोलले. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तो आकडा बघत बसलो होतो.

गोठ्यात एक वासरू मेलेलंच जन्मलं होतं. एरवी ते चुन्याच्या खड्ड्यात जातं. मी त्याला दोरी बांधून पिकअपच्या मागं अर्धा कोस फरफटत नेलं. कोरड्या ओढ्याचं एक वळण होतं, दोन्हीकडे ठेंगण्या बाभळी. तिथं मी आणि सुदान्यानं लोखंडी अँगल जमिनीत ठोकला आणि वासराचा पाय तारेनं त्याला आवळला, उचलून नेता येऊ नये म्हणून. कफीलला बसायला दक्षिणेची टेकडी हवी होती. मी म्हणालो, "नाही शेख, पूर्वेची." दीडशे पावलांवर दगड रचून, वर मातकट ताडपत्री टाकून आम्ही आडोसा केला. आबांनी आणखी बजावलं होतं, की रोज एकाच वेळी जा, एकाच पायताणानं जा, काही बदलू नको; नवी वस्तू दिसली की लांडगा फिरकत नाही.

मग रोज सकाळी मी तिथं चक्कर मारायचो आणि गोठ्यावर परतताना आबांना फोन. तिकडे साडेनऊ वाजलेले असत. आबा ओट्यावर उन्हाला बसून वाटच बघत असायचे.

"आज काय?"

"कावळे आलेत."

"येऊं देत. कावळा निवांत खायला लागला की लांडग्याला धीर येतुय."

चौथ्या दिवशी कोल्ह्याचे पाय. सहाव्या दिवशी मोठे ठसे. मी बोटं ठेवून मापलं, आबांना सांगितलं.

"म्होरला पाय मागच्यापरीस मोठा हाय का? नखं उमटल्यात?"

"हो, हो."

"आला!" आबा ओरडले. मला वाटलं, ते उभे राहिले असावेत. "आरं, आपल्याकडं पवनचक्क्या झाल्या, कालव्याचं पाणी आलं, ऊस झाला. किती वर्सं मला लांडगा दिसला न्हाय. एक फोटू धाड मला."

आठव्या वर्षापासून आबांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

दोन दिवसांनी पहाटे कफील आणि मी आडोशाला जाऊन बसलो. थंडीनं बोटं वळत नव्हती. उजाडलं, पाठीमागून ऊन आलं आणि दक्षिणेकडून, वारा तोंडावर घेत, तो आला. राखाडी, काटक, लांब पायांचा. वासरापासून वीस पावलांवर थांबला. कफीलनं बंदूक उचलली.

"शेख, एक मिनिट," मी कुजबुजलो. "माझ्या वडिलांना फोटो हवाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, हसला. "यल्ला, लवकर."

त्याच्या गळ्यातल्या दुर्बिणीला फोन लावून मी फोटो काढला. दुसरा काढेपर्यंत गोळी सुटली.

जवळ जाऊन पाहिलं तर मादी होती. म्हातारी, दात झिजलेले. सुदान्यानं तिच्या डोक्यावर चिमूटभर माती टाकली, "खलास" म्हणाला आणि पहिल्यांदा तंबूत जाऊन झोपला. त्याला मी बोल लावत नाही. कफीलनं इकडच्या रिवाजानं तिला रस्त्याकडेच्या बाभळीला टांगलं. या शिकारीला बंदी आहे, हे मला पुढे गोठ्याच्या डॉक्टरकडून कळलं. तेव्हा मी विचारलंही नव्हतं.

फोटो गावी आबांजवळ राहणाऱ्या भावाच्या फोनवर पाठवला. थोड्याच वेळात आबांचा फोन आला. त्यांनी आपणहून केलेला पहिला फोन.

"कान बघ कसं हुबं केल्यात! समद्या आळीला दावला. उद्या येतुय का बघ."

"येईल," मी म्हणालो.

पुढचे नऊ दिवस मी रोज आबांना लांडगा सांगत राहिलो. आज लांबूनच फिरला. आज बसून होता. गोठ्याच्या मागं चाऱ्याच्या गंजीला टेकून मी हे रचायचो. तिकडे आबा हसायचे, चुका दाखवायचे, मेंढरं बसवायचे त्यांचे जुने तळ सांगायचे. खरं सांगितलं तर पुन्हा "जेवलास का" वर येऊ, ही भीती. दहाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "वारं कुटनं हाय आज?"

"दक्षिणेकडून."

"आन त्यो कुटनं आला?"

"दक्षिणेकडूनच, नेहमीसारखा."

"वारं पाठीवर घिऊन लांडगा येत न्हाय, लेका." मग हळूच, "मारला न्हवं?"

"हो."

"कवा?"

"फोटो काढला, तेव्हाच."

मला वाटलं, आता ठेवतील. पण ते म्हणाले, "म्याबी मारल्यात. पिल्लं हुती. बिळाच्या तोंडाला धूर केला. माजी सोळा कोकरं न्हेल्ती, डोसकं फिरलं हुतं. तुजी आय आठ दिस माज्यासंगं बोलली न्हाई. भाकरी म्होरं सारायची आन उटून जायाची."

आई गेली तेव्हा मी वसतिगृहात होतो. तिच्याबद्दल आबांच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. मी विचारलं, "मग नवव्या दिवशी काय बोलली?"

"म्हनली, पानी आना."

आम्ही दोघंही हसलो. फोन मात्र कोणीच ठेवला नाही.

माझी रजा जूनमध्ये होती. दुसऱ्या दिवशी कफीलकडे गेलो आणि मार्चमध्ये मागितली. तो कुरकुरला, पण सही दिली. वीस दिवस गावी राहिलो. आबांचे गुडघे आता चालू देत नाहीत, तेव्हा भावाच्या मोटरसायकलवर मागं बसवून त्यांना जुन्या तळांवर घेऊन गेलो. बहुतेक ठिकाणी ऊसच होता. आबा पाठीमागून खांद्यावर हात ठेवत आणि सांगत, इथं तुझी आई चूल मांडायची, इथं तुला पाळण्यात टाकलं होतं. मी गाडी थांबवायचो. आबा म्हणायचे, "चल म्होरं, अजून लई हाईत."